फियाटमधला रेडिओ

बाबांची प्रीमियर पद्मिनी आमच्या सारसोळ्याच्या बिल्डिंगखाली उभी असते. खाडीच्या हवेने पत्रा गंजतोय, पण परवा मेकॅनिकने आधी रेडिओवरच हात टाकला. "साहेब, हे खोकं काढा, ब्लूटूथवालं बसवू. डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल." मी चक्क नाही म्हटलं. अहो, गाडी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, नवा डॅशबोर्ड आणणार कुठून? मिडियम वेव्हची खरखर बरीचशी इग्निशनच्या ठिणगीची. कंडेन्सर बदलून बघा. काढायचाच असेल तर आधी बॅटरीची वायर सोडा, प्रत्येक वायरीला चिठ्ठी लावा. कोडचा बॅकअप घेता येतो, कापलेल्या पत्र्याचा नाही.

बाबा आता गाडी चालवत नाहीत. रविवारी नुसतेच आत बसून बटण फिरवतात.