सायलेन्सरमधील 'माती'ची चोरी आणि कलमांचा घोळ

वाहनचोरी म्हटली, की उभी मोटार किंवा दुचाकी रातोरात नाहीशी होणे, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. गेल्या काही वर्षांत या गुन्ह्याला वेगळे वळण लागले आहे. मोटार जागेवरच राहते, तिच्या पोटाखालचा एक भाग तेवढा जातो. सकाळी मालक किल्ली फिरवतो, इंजिन ट्रॅक्टरसारखे घुमते आणि मगच सायलेन्सर गेल्याचे ध्यानात येते. २०२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रात प्रामुख्याने मारुती ईको मोटारींचे सायलेन्सर चोरण्याचे सत्र चालले. पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भागही त्यातून सुटला नाही.

भोर आणि वेल्हे या तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. (वेल्हे तालुक्याचे नाव २०२४ मध्ये राज्य सरकारने राजगड असे केले, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत या धरणांच्या काठाने आणि डोंगरांच्या कुशीत विखुरलेल्या वाड्यांना एसटी दिवसातून मोजक्याच वेळा भेटते. बाकीचा प्रवास वडापावर चालतो. दूध, भाजीपाला, शाळेची मुले, दवाखान्यात न्यायचा आजारी माणूस या साऱ्यांसाठी सात-आठ माणसे बसतील अशी मोटारच कामी येते. ती अंगणात किंवा रस्त्याकडेला उघड्यावर उभी असते. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी मुक्कामी येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांचीही तीच गत.

चोराला सायलेन्सरचा पत्रा नको असतो. इंजिनातून बाहेर पडणारा विषारी धूर सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाच्या डब्यातून जातो. डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. या धातूंच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंत होते. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले. भारत स्टेज ४ ची मानके २०१७ मध्ये आणि भारत स्टेज ६ ची २०२० मध्ये देशभर लागू झाली. या धातूंची अशी तिजोरी आता प्रत्येक नव्या मोटारीखाली असते. चोरांच्या बोलीत विटेच्या चुऱ्याला 'माती' म्हणतात. २०२१ च्या पूर्वार्धात ऱ्होडियमचा भाव औंसाला सुमारे २९ हजार डॉलरपर्यंत चढला होता. एका औंसात जेमतेम ३१ ग्रॅम भरतात. पुढे भाव कोसळला, तरी या मातीचा बाजार एव्हाना तयार झाला होता.

ईकोवरच डोळा का, याचे उत्तर साधे आहे. ही मोटार जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, तिच्याखाली सरपटत जायला जागा भरपूर आणि कन्व्हर्टर सायलेन्सरला जोडूनच. पान्याने काम भागते आणि सारे काही मिनिटांत आटोपते.

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या संहितेच्या कलम ३७९ मध्ये साध्या चोरीला कमाल तीन वर्षे कैद होती. हा आकडा १८६० सालचा, म्हणजे मोटार जन्माला येण्यापूर्वीचा. नव्या संहितेच्या कलम ३०३ मध्ये तो तसाच ठेवला आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास किमान एक आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी, ही त्यातली भर. दुसरी भर उलट दिशेची आहे. चोरीचा माल पाच हजार रुपयांच्या आतला असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा केवळ समाजसेवेची. शिवाय पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

पहिली ठेच इथेच लागते. पाच-सात वर्षे वापरलेल्या सायलेन्सरची किंमत किती धरायची? गंजलेल्या पत्र्याची धरली, तर ती काहीशे रुपयांत येते. कन्व्हर्टरसह नवा भाग कंपनीच्या दुकानातून घ्यायचा, तर खर्च पाच आकड्यांत जातो. फिर्यादीत 'जुना वापरता सायलेन्सर' एवढेच लिहून पुढे अंदाजे रक्कम टाकली गेली, तर त्या अंदाजावर गुन्ह्याची जातच बदलते.

याच संहितेत कलम ३०५ आहे. जुन्या कायद्यात घर, तंबू वा जहाजातील चोरीला सात वर्षांची शिक्षा होती. नव्या कलमाने त्यात माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची चोरी आणि अशा वाहनातून केलेली वस्तूची वा मालाची चोरी यांचीही भर घातली. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि दंडही. वरवर पाहता दूध वाहणाऱ्या किंवा प्रवासी नेणाऱ्या ईकोला हे कलम चपखल बसते. तरीही बचाव पक्षाला वादाची जागा उरतेच. सायलेन्सर ही वाहनातली 'वस्तू' की वाहनाचाच अवयव? आणि मालकाने स्वतःच्या कुटुंबासाठी ठेवलेली मोटार 'प्रवासी वाहतुकीसाठी वापरलेली' म्हणायची का? कलमाचा हेतू पाहिला, तर सुटा केलेला भाग त्यातून वगळण्याला सबळ कारण दिसत नाही. पण हेतू सांगण्याचे काम न्यायालयाचे आणि त्याआधी योग्य कलम लावण्याचे काम ठाण्यातील अंमलदाराचे.

कलम कोणते लागले यावर शिक्षेइतकाच तपासही अवलंबून आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ सांगते. त्याच्या अंमलबजावणीची तारीख ठरवण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. साध्या चोरीला ही तरतूद लागूच होत नाही. अटकेच्या बाबतीत मात्र दोन्ही कलमे एकाच पारड्यात आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी आणि अटक केलीच तर कारणे नोंदवावीत, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार खटल्यात घालून दिला आणि नव्या कायद्यातही तीच चौकट आहे. 'चोर पकडला आणि दुसऱ्या दिवशी सुटला' ही गावोगावची तक्रार असते. तिचे मूळ बऱ्याचदा पोलिसांच्या ढिलाईपेक्षा या चौकटीत असते आणि ती चौकट निरपराध माणसाच्याही रक्षणाची आहे, हे विसरता येत नाही.

टोळी असेल, तर आणखी दोन वाटा आहेत. कलम ११२ टोळीने केलेल्या किरकोळ संघटित गुन्ह्यांचे. वाहनातून केलेली चोरी त्यात नावानिशी आहे आणि किमान एक वर्षाची कैद अटळ आहे. कलम १११ संघटित गुन्हेगारीचे. त्यात 'वाहनचोरी' हा शब्द आहे, शिक्षा पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. पण वाहनाचा भाग म्हणजे वाहन नव्हे, हा युक्तिवाद इथेही उभा राहणार. शिवाय मागील दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रांची अट आहेच. एका रात्रीत पाच गाड्यांचे सायलेन्सर नेणाऱ्यास शोभेल असे कलम ११२ आहे. ते लावायचे तर निरनिराळ्या ठाण्यांतले गुन्हे एकत्र बघावे लागतात.

आणि तीच अडचणीची बाब. भोर, राजगड आणि वेल्हे या पोलीस ठाण्यांच्या हद्दी डोंगररांगांनी तुटलेल्या आहेत, चोरांच्या वाटा मात्र सलग आहेत. वेल्ह्याहून मार्गासनी, विंझरमार्गे चेलाडी फाट्यावर आले, की पुणे-सातारा महामार्ग लागतो. भोरहून कापूरहोळला तेच. उत्तरेला खेड शिवापूरचा टोलनाका, दक्षिणेला नीरा नदी ओलांडताच सातारा जिल्हा. मोटार चोरीला गेली, तर तिचा क्रमांक घेऊन नाकाबंदी करता येते. कन्व्हर्टर पोत्यात मावतो. नाक्यावरच्या कॅमेऱ्याने नेमके काय टिपायचे?

या साऱ्यात वाहनमालकाची अवस्था सर्वांत विचित्र होते. कन्व्हर्टर गेलेली मोटार प्रदूषणाच्या मर्यादा पाळू शकत नाही. अशी मोटार रस्त्यावर आणणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्या गुन्ह्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आणि शिवाय तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. खासगी क्रमांकाच्या गाडीतून वडाप करणाऱ्याची भीती त्याहून मोठी. परवान्याविना प्रवासी वाहतुकीला कलम १९२-अ नुसार दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कलम ३०५ चा लाभ हवा, तर गाडी प्रवाशांसाठी वापरतो हे सांगायचे. ते सांगितले, तर स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची धास्ती. सक्तीचा त्रयस्थ पक्ष विमा अशी हानी भरून देत नाही. तेव्हा बरेच जण ठाण्याची पायरी न चढता बाजारातून स्वस्तातला पोकळ सायलेन्सर बसवून दुसऱ्या दिवशी धंद्याला लागत असतील, तर त्यात नवल नाही. अशाने चोरी कागदावर येतच नाही आणि डोंगरातली हवा मात्र बिघडते.

चोराला माल विकता आला नाही, तर तो मोटारीखाली शिरणार नाही. म्हणून खरा प्रश्न खरेदीदाराचा आहे. चोरीचा माल घेणाऱ्यास कलम ३१७ नुसार तीन वर्षे. पण सवयीने असा व्यवहार करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद, प्रसंगी जन्मठेप. म्हणजे साध्या चोरापेक्षा त्याच्या ग्राहकाला कायद्याने कितीतरी अधिक दोषी धरले आहे. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडला, त्याने समाधानकारक खुलासा दिला नाही, तर तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते, असेही भारतीय साक्ष्य अधिनियम सांगतो. अडते ते एकाच जागी. वीट फोडून तिची पूड पाच गाड्यांच्या पुडीत मिसळली, की ही माती अमक्याच्या गाडीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चासी आणि इंजिन यांचे क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतात. कन्व्हर्टरचा क्रमांक तिथे नसतो. अख्खे वाहन मोडीत काढण्यासाठी २०२१ मध्ये केंद्राने नोंदणीकृत केंद्रांचे नियम केले, पण भंगाराच्या दुकानात सुट्या येणाऱ्या डब्याला ती चाळणी लागत नाही.

परदेशात हीच दुखरी नस धरली गेली. इंग्लंड व वेल्समध्ये २०१३ च्या भंगार व्यापार कायद्याने परवाना सक्तीचा आहे आणि रोखीने भंगार खरेदी करण्यास मनाई आहे. कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये झालेल्या कायद्यांनी कन्व्हर्टर कोणाकडून घेता येईल यावर बंधन घातले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी न्याय विभागाने पाच राज्यांतील २१ जणांवर कारवाई जाहीर केली. तिचा रोख गल्लीतल्या चोरांपलीकडे, माल विकत घेऊन शुद्धीकरणासाठी पुढे पाठवणाऱ्यांवर होता. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १२४ हाताशी आहे. संशयास्पद मालाचा समाधानकारक खुलासा न देणाऱ्यावर त्यानुसार कारवाई करता येते. महामार्गाकडेच्या भंगार दुकानांत कापलेले कन्व्हर्टर दिसले, तर हा खुलासा मागायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

तोवर फिर्याद कशी लिहिली जाते, याला महत्त्व उरते. सायलेन्सरऐवजी 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सायलेन्सर' असा उल्लेख, अधिकृत कार्यशाळेचे किमतीचे पत्र आणि वाहन कशासाठी वापरले जाते याची नोंद, एवढ्याने पाच हजारांची रेघ ओलांडली जाते आणि कलम ३०५ चा विचार करणे भाग पडते. नव्या संहितेनुसार फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.