दुखलं तर कळेलच!

सकाळी फिरणाऱ्या मंडळींत एखादा तज्ज्ञ असतोच. आमच्या बागेतल्या तज्ज्ञांनी हल्ली मधुमेहींना चपला काढायला लावल्या आहेत. म्हणणं असं : दवावर अनवाणी चाला, साखर उतरते, रात्री तळव्यांना तेल लावून काशाची वाटी घासा, काळं निघालं की उष्णता निघाली, आजोबा जन्मभर अनवाणी राबले, काय झालं त्यांना? मधुमेहींच्या खास चपला हा दुकानदारांचा धंदा. आणि काही टोचलंच, तर ‘दुखलं की कळेलच ना!’

हे शेवटचं वाक्य मात्र मी सोडणार नाही. मधुमेहात घात होतो तो तिथेच. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की नसा बिघडतात, आणि सुरुवात बहुधा पायाच्या बोटांपासून होते. कुणाला मुंग्या येतात, कुणाची आग होते. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं. चप्पल मागे गळून पडते, माणूस पुढे जातो. बुटातला खडा दिवसभर रुततो आणि संध्याकाळी मोज्यावरचं रक्त पाहून कळतो. सायलेन्सरचा चटका फोड आल्यावर कळतो. झोपेत उंदराने बोट कुरतडलं आणि सकाळपर्यंत पत्ता नाही, असे रुग्ण आपल्याच डॉक्टरांनी पाहिले आहेत. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं : बधिर पाय आपोआप झडत नाही, वेदना थांबवत नाही म्हणून माणूसच तो जखमेसकट वापरून झिजवतो. मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला कुष्ठरुग्णांसाठी वापरात आल्या, मग मधुमेहींच्या पायांत गेल्या. दुकानदारांचा धंदा तो हाच बरं का!

आजोबांच्या दाखल्यामागचा ‘आजवर काही झालं नाही’ हा युक्तिवाद पुणेकरांनी हेल्मेटसक्तीच्या वादात इतका वापरलाय की त्याचं डोकं आधीच फुटलेलं आहे. तरी तो बागेत फिरायला येतोच.

उरलेलं एकेका ओळीत. साखर चालण्याने उतरते, चपला काढल्याने नव्हे. वाटीखालचा काळेपणा काशाचा आणि तेलाचा. उष्णतेला रंग नसतो. आणि आजोबांना मधुमेह होता का, हे आधी सांगा.

मग करायचं काय? रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. वाकवत नसेल तर आरसा घ्या. पाय धुतल्यावर बेचक्या टिपून कोरड्या करा, पावसाळ्यात चिखल्या तिथेच होतात. तेल टाचांच्या भेगांना, बेचक्यांत नाही. गरम पाण्याचा अंदाज पायाने नको, कोपराने घ्या. कुरूप ब्लेडने कापू नका, औषधी पट्टीही लावू नका. मागे पट्टा असलेली चप्पल घरातही घाला, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा. देवळात मोजे चालतात. एप्रिलातल्या दुपारची फरशी भक्ताची साखर विचारत नाही. जखम दिसली की दुखत नसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि वर्षातून एकदा तरी दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटची तपासणी : नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, तुम्ही डोळे मिटून स्पर्श सांगायचा.

ही परीक्षा तज्ज्ञसाहेबांनीही द्यावी. उत्तीर्ण झाले तर दवावर खुशाल नाचावं. दुसऱ्यांच्या चपलांना मात्र हात लावू नये.