स्पर्धा मुलीची, तयारी घराची

गेल्या महिन्यात ऐरोलीला भाचीकडे गेले होते. दारातच तिच्या चौदा वर्षांच्या लेकीचे गुलाबी साटिनचे बूट ठेवलेले. ‘मावशी, हिची बॅलेची स्पर्धा आहे हं,’ भाची कौतुकाने म्हणाली. जेवायला बसलो, तर मुलीच्या ताटात काकडी आणि वाटीभर दही. पोळी नाही, भात नाही. ‘आजी, हलकं राहायला हवं ना!’

मागाहून ओट्याशी भाची हळूच म्हणाली, ‘तीन महिने पाळी नाही आली. ताण असेल. स्पर्धेच्या दिवसांत ती कटकट नाही, तेही बरंच.’

‘बरंच काय, अगं! आधी डॉक्टरांकडे ने तिला.’

तपासणीत नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर निघाली. दुखत होतं, पण पोर बोलली नव्हती. नाच बंद, स्पर्धा हुकली. दोघीही खूप रडल्या. भाचीच म्हणाली, ‘मावशी, हे लिही. बाकीच्यांना तरी कळू दे.’

म्हणून लिहिते. मेहनत वाढली आणि खाणं घटलं, की शरीर आपल्यासारखीच काटकसर करतं. आधी पाळी थांबवतं, मग हाडांच्या मजबुतीला कात्री लावतं. हाडांची पुंजी साठते ती याच वयात. तेव्हा नियमित येणारी पाळी तीन महिने चुकली तर ‘ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

बॅले हे काही आपलं नव्हे, असंही म्हणू नका. मुंबईच्या अमिरुद्दीन शाहचे वडील वेल्डर. तो मुंबईत शिकला आणि 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला 1973 पासून तरुण नर्तकांची जी मोठी स्पर्धा भरते, तिथे निवडलेल्या मुलांची आरोग्याची माहिती डॉक्टर आधी तपासतात. परीक्षक मुलांचा वर्गातला सरावही पाहतात. म्हणजे उपाशी पोरीचं कौतुक तिथेही नाही!

आता घरातली तयारी.

खाणं : वर्गाआधी दोनेक तास मऊ वरणभात किंवा पोळीभाजी. निघताना एखादं केळं. परतल्यावर दूध, अंडं किंवा उसळ. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिऱ्याचा लाडू आठवड्यात फिरते ठेवा. मासे खाणाऱ्यांनी मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट द्यावी. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ मात्र नको.

सराव : आपल्या फ्लॅटमधल्या लादीवर उड्या मारू देऊ नका. लादी दाद देत नाही, सगळा दणका नडगीला बसतो. घरी खुर्चीची पाठ धरून सावकाश व्यायाम पुरेत. उड्या वर्गातल्या लाकडी जमिनीवर.

बूट : बोटांच्या टोकावर उभं राहण्याचे बूट शिक्षकांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. साधारण अकरा-बारा वर्षांआधी आणि काही वर्षांच्या पक्क्या सरावाशिवाय ते घालणं धोक्याचं. ‘वाढत्या पायाला होईल’ म्हणून एक नंबर मोठा तर मुळीच नको. त्यांचा पुढचा भाग कापड, कागद आणि खळीचे थर देऊन कडक केलेला असतो, घामाने आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेने तो मऊ पडतो. घरी आल्याबरोबर पिशवीतून काढा, आतली गादी वेगळी करा आणि पंख्याखाली सुकवा. फिती मुलीलाच शिवायला शिकवा, दुहेरी दोऱ्याने.

झोप : आठ-नऊ तास. आदल्या रात्री आंबाड्याच्या पिना, जाळी, सुईदोरा, जादा मोजे, पाण्याची बाटली असं सगळं पिशवीत भरून ठेवा.

आणि एक. ‘जाड झालीस’ हा शब्द घरात नकोच, थट्टेतही नको. त्यापेक्षा रोज विचारा, ‘आज कुठे दुखतंय का गं?’ आणि ती ‘हो’ म्हणाली तर रागावू नका. एक स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षी दुसरी येईल.

भाचीची लेक आता पोटभर जेवते. परवा फोनवर म्हणाली, ‘आजी, पाळी आली, आणि आईने शिरा केला!’