आयोडीनच्या प्लेटपुढचा प्रश्न

मायक्रोबायोलॉजीला असाल तर हे तुम्ही केलंच असेल. मातीचा नमुना आणायचा, स्टार्च अगारच्या प्लेटवर जिवाणू वाढवायचे आणि वर आयोडीन ओतायचं. काळ्यानिळ्या प्लेटवर एखाद्या कॉलनीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, की वर्गात जल्लोष! स्टार्च तोडणारं एन्झाइम, म्हणजे अमायलेज, सापडलं. मग डीएनएसने मोजमाप, पीएच आणि तापमानाचे आलेख, व्हायवा... आणि फाईल कपाटात.

आता हे आठवायचं कारण म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं बायोई३ धोरण. जैव-उत्पादनाची केंद्रं आणि बायोफाउंड्री उभारायच्या, असं त्यात म्हटलंय आणि एन्झाइम्सचं नाव त्यात ठळक आहे. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टला चांगले दिवस? थोडं थांबा.

बिस्किटं, टॉफीत जाणारं ग्लुकोज सिरप मक्याच्या स्टार्चपासून बनतं. कारखान्यात ३० ते ३५ टक्के स्टार्चचा दाट घोल सुमारे १०५ अंशांवर काही मिनिटं शिजवतात, मग ९५ अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवतात. एवढ्या उष्णतेत एन्झाइमने टिकायचं असतं. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज थोडं कॅल्शियम मिळालं की टिकतं, म्हणून ते चालतं. आपण मात्र एक टक्का स्टार्च घेऊन दहा मिनिटांची चाचणी करतो आणि 'ऑप्टिमम ६० अंश' लिहून मोकळे होतो. दहा मिनिटं धावणारा तासभर धावेलच असं नाही ना! कारखान्याला हवा असतो तो टिकाऊपणा, आणि तोच आलेख बहुतेक फायलींत नसतो.

दुसरी अडचण परवानगीची. एफएसएसएआयच्या यादीत एन्झाइमसोबत ते कोणत्या जिवाणूपासून आलं हेही असतं. मातीतून काढलेला अनोळखी जिवाणू थेट चालत नाही. म्हणूनच कंपन्या अनेकदा फक्त त्याचं जनुक घेतात आणि ते सुरक्षित ठरलेल्या जिवाणूत घालतात.

सरकारने टाक्या उभारल्या तरी त्यात घालायला असं पारखलेलं एन्झाइम लागेल. त्यासाठी महागडं यंत्र लागतंच असं नाही. एन्झाइम ९० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, दर दहा मिनिटांनी थोडं काढून मोजा, एकदा कॅल्शियम घालून, एकदा न घालता. तुलनेसाठी ओळखीचा लायकेनिफॉर्मिस हवा असेल, तर पुण्यात एनसीएलमध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. गाईडना विचारून तिकडे अर्ज पाठवा.