दुसऱ्या गाडीचे व्यवहारज्ञान

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी शिक्षक-प्राध्यापकांच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. घरात एक विजेची गाडी आलेली आहे; आता दुसरीही विजेचीच घ्यावी, की एक पेट्रोलची राहू द्यावी? जिथे पूर्वी वेतन आयोगाची थकबाकी आणि बदल्यांची यादी चघळली जाई, तिथे आता युनिट, किलोवॅट आणि अर्थिंग हे शब्द ऐकू येतात. प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि व्यवहाराच्या प्रश्नाला साहित्याच्या माणसांनी नाक मुरडावे असे मला मुळीच वाटत नाही. माझी तक्रार उलटी आहे. हा हिशेब आपण पुरेशा काटेकोरपणे मांडत नाही. त्यातली एक मोठी रक्कम आपण लिहीतच नाही, आणि ती नेमकी आपल्या पेशाच्या नावावर आहे.

आधी जे लिहिले जाते ते नीट पाहू. एक जोडपे कल्पावे. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत, ती अनुदानित महाविद्यालयात. त्याची बदली होते, तिची होत नाही. बिऱ्हाड भंडाऱ्यात, तो तुमसरच्या बाजूला जातो, ती पवनीच्या. जाऊन-येऊन त्याचे 70 किलोमीटर, तिचे 90. महिन्याचे 24 कामाचे दिवस धरले तर दोघांचे मिळून 3,840 किलोमीटर झाले. लिटरमागे 16 किलोमीटर देणाऱ्या गाड्यांना यासाठी 240 लिटर पेट्रोल लागेल, आणि शंभराच्या वर गेलेल्या भावाने त्याचे 24-25 हजार रुपये होतील. युनिटमागे 7 किलोमीटर जाणाऱ्या विजेच्या गाड्यांना साडेपाचशे युनिट पुरतील.

इथे पहिली मेख आहे. महावितरणचे घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. एका गाडीने घर वरच्या टप्प्याच्या उंबरठ्याशी येते, दुसरीने तो ओलांडते. दुसऱ्या गाडीची वीज पहिलीपेक्षा महाग पडते ती अशी. तरीही सर्वांत वरचा दर आणि वीज शुल्क धरून साडेपाचशे युनिट दहा-अकरा हजारांत भागतात. गच्चीवर 3 किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले, आणि 2024 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेतून त्यासाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते, तर महिन्याकाठी तीनशेच्या आसपास युनिट घरचे होतात आणि बिलातले सर्वांत महाग युनिट आधी गळतात.

दुसरी मेख तारेची. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी सुमारे 3.3 किलोवॅट ओढते. दोन्ही एकदम लावल्या, वर वातानुकूलन यंत्र चालू असले, तर जुन्या घराची वायरिंग तापते. म्हणून मंजूर भार वाढवून घ्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे आणि गाड्यांना पाळी लावून द्यावी. एकीला संध्याकाळी तीन तास, दुसरीला पहाटे चार. 2025 पासून नव्या मीटरवर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेला सवलत मिळू लागली आहे. पण वीज स्वस्त असते त्या वेळी या दोन्ही गाड्या कुठल्या तरी शाळेच्या आवारात लिंबाखाली उभ्या असतात. शिवाय दोन्ही गाड्या एकाच तारेवर अवलंबून ठेवण्याची भीती आहेच. 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यात जो पूर आणला, तो पाहिलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. पण असे दिवस वर्षातून मोजके. एरवी अगदी लहान बॅटरीची गाडीही भर मे महिन्यात वातानुकूलन लावून पवनीला जाऊन परत येते, आणि साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला जाऊन येणे हा तर प्रश्नच उरलेला नाही.

तेव्हा उत्तर स्पष्ट आहे. दोन विजेच्या गाड्या बाळगणे या घराला परवडते, झेपते आणि शोभतेही. हिशेब बरोबर आहे. मला भीती वाटते ती त्याच्या बरोबर असण्याची.

विदर्भाच्या बोलीत ‘अपडाऊन’ हा शब्द आता पूर्ण मराठी झाला आहे. नोकरी एका गावी, बिऱ्हाड दुसऱ्या गावी, आणि रोजची ये-जा. हे अपडाऊन विजेच्या गाडीने आणलेले नाही. पण कालपर्यंत त्याला दोन लगाम होते. पहिला खर्चाचा. पेट्रोल महाग होते म्हणून एकाच वाटेवरचे चार शिक्षक एका गाडीत बसत, महिन्याची वर्गणी काढत, आणि ज्याला वर्गणी जड जाई तो एसटीने येई. दुसरा लगाम मनाचा. एकट्या माणसाने रोज चार आसनांची गाडी धूर सोडत न्यावी, याची कुठे तरी टोचणी असे. विजेने हे दोन्ही लगाम एकदम सोडवले. किलोमीटरचा खर्च अडीच-तीन रुपयांवर आला, आणि हिरव्या पाटीवरच्या पांढऱ्या अक्षरांनी टोचणीही काढून घेतली. धूर गेला कुठे, हे विचारण्याचे कारण उरले नाही. शेजारच्या तिरोड्यात कोळशावर चालणारा 3,300 मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा आहे, आणि 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत ते तिरोडा आपल्याच जिल्ह्यात होते, हे आपल्याला सहसा आठवत नाही. पण माझा आक्षेप धुराचा नाही. धुराच्या बाबतीत विजेची गाडी पेट्रोलपेक्षा वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप रिकाम्या झालेल्या जागेचा आहे.

ती जागा म्हणजे फाट्यावरचा एसटीचा थांबा. सकाळी नऊच्या सुमारास तिथे कोण उभे असे ते आठवून पाहा. शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतला लिपिक, बाजाराला निघालेली बाई, बारावीतल्या मुली. बस आली नाही की सगळ्यांनाच उशीर होई. मग आगार व्यवस्थापकाला अर्ज जाई. तो अर्ज लिहायचे कोण? बाजाराला निघालेली बाई नव्हे, बारावीतली मुलगीही नव्हे. तो शिक्षक लिही. त्याला ‘महोदय’ कुठे लिहायचे, ‘सबब’ कुठे घालायचे आणि प्रत कोणाला पाठवायची हे ठाऊक होते. बातमी वार्ताहरापर्यंत तोच पोचवी. त्याचे अक्षर त्या थांब्याच्या कामी येई, आणि त्यात परोपकार काही नव्हता. त्यालाही त्याच बसने जायचे होते.

आज तो त्या थांब्यावरून गाडीने जातो, काचा वर करून. बस आली की नाही हे त्याला कळतही नाही. 2021 च्या हिवाळ्यापासून 2022 च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा ज्यांना शक्य होते त्यांनी आपापली सोय लावून घेतली, आणि सोय एकदा लागली की ती मोडून कोणी थांब्यावर परत येत नाही. म्हणून बस ओस पडली असे मात्र समजू नये. 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला आणि गर्दी वाढली. बस रिकामी झालेली नाही. बसमधून एक वर्ग उतरला आहे. नेमका तो वर्ग, ज्याला अर्ज लिहिता येतो. भंडारा विभागाला दोन जिल्ह्यांची आडगावे सांभाळायची असतात. फेरी कोणती कापायची हे ठरताना जिथून कागद येत नाही तिथली आधी कापली जाते, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

हे पहिल्यांदा घडते आहे असेही नाही. वीस वर्षांपूर्वीचे भारनियमन आठवणारे वाचक इथे असतील. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. सुरुवातीला त्यावर कथा आल्या, कविता आल्या, संपादकांना पत्रे गेली. मग घरोघरी इन्व्हर्टर आले. अंधार होता तिथेच होता, पत्रे मात्र थांबली. आज उन्हाळी धान लावणाऱ्या शेतकऱ्याला पंपाची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 साली आखला गेला तो याच तक्रारीपोटी. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे पावणेचार किलोवॅट ओढतो. म्हणजे आपली सॉकेटला लावलेली गाडी आणि त्याचा बांधीवरचा पंप जवळजवळ सारखेच ओझे आहे. फरक एवढाच की गाडीची पाळी आपण झोपण्यापूर्वी मोबाइलवर ठरवतो, आणि पंपाची पाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन रात्री बारा वाजता बांधावरून चालू लागतो, पायाखाली साप नाही ना हे पाहत. आपल्या दोन गाड्या त्याची वीज पळवतात असे मी म्हणणार नाही. रोजच्या वीस-बावीस युनिटांनी त्याचे काही बिघडत नाही. बिघडते ते आपल्या छपराखालचा प्रश्न मिटल्यावर त्याच्या प्रश्नाची भाषाच आपल्याला पाठ उरत नाही म्हणून.

आता साहित्याकडे येतो, कारण हे लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 साली आली आणि तेव्हापासून आपण ती शिकवीत आहोत. औंध संस्थानातला एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला पायी जातो. आपण वर्गात निवेदन, परिसर, व्यक्तिरेखा यांची टिपणे देतो. पण त्या कादंबरीची एक साधी व्यावहारिक अट आपण सांगत नाही: मास्तर संध्याकाळी परत जात नाही. वाडी त्याला कळते ती शाळा सुटल्यानंतर. कोणाचे भांडण, कोणाची चोरी, कोणाचा अर्ज हे सगळे त्याच्या दाराशी येते, कारण तो तिथे सापडतो. त्या मास्तराच्या बिऱ्हाडी दोन विजेच्या गाड्या असत्या, तर त्याने हजेरीपट नेटका ठेवला असता. कादंबरी सुचण्याइतके त्याला काही कळले नसते. ग्रामीण साहित्य आटले म्हणून आपण परिसंवाद भरवतो, आणि परिसंवादाहून परतताना चार वक्ते चार गाड्यांत बसतात.

यावरचा प्रतिवाद मला ठाऊक आहे, कारण मीही अपडाऊन करणाऱ्यांतलाच आहे आणि माझ्याही दारात एक हिरव्या पाटीची गाडी उभी आहे. आज एखाद्या शिक्षिकेला, धड घर आणि दवाखाना नसलेल्या गावी, मुले सोडून राहा म्हणणे निर्दयपणाचे आहे. मुख्यालयी राहण्याच्या सक्तीने गावात शिक्षक आणले नाहीत, मुख्यालयी राहत असल्याचे खोटे दाखले मात्र भरपूर आणले. 2022 साली विधानसभेत हा मुद्दा तापला, शिक्षकांचे मोर्चे निघाले, आणि दोन्ही बाजूंनी घरभाड्यापलीकडे कोणी बोलले नाही. त्या सक्तीची तरफदारी मला करायची नाही. वाडीवर मुक्काम करा, हे मागणे जास्त आहे. मी कमी मागतो.

पहिली विजेची गाडी अवश्य घ्यावी. ती शहाणपणाची आहे. दुसरीचा निर्णय मात्र वर्षभर पुढे ढकलावा. त्या वर्षात दोघांपैकी एकाने, आलटून-पालटून का होईना, आठवड्यातले दोन दिवस एसटीने जावे. उरलेले दिवस गाडीतली तीन आसने वाटेवरच्या सहकाऱ्यांनी भरावीत. नवी गाडी आठ-दहा लाखांची, आणि ती दिवसातले बावीस तास उभीच राहणार आहे. वर्षभरात दोनदा बस आली नाही, पाचदा उशिरा आली, एकदा फाट्यावर न थांबता गेली, तर त्याच दिवशी मराठीच्या शिक्षकाने आपल्या अक्षरात अर्ज लिहावा आणि त्याखाली थांब्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. बारावीतल्या मुलीची सही सर्वांत आधी. अर्जलेखन आपण तिला गुणांसाठी शिकवतो. ते कशासाठी असते हेही तिला एकदा दिसू द्यावे.

अर्जात काय मागायचे तेही सांगतो. राज्याची पहिली एसटी 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि एसटीची पहिली विजेची ‘शिवाई’ 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर निघाली. विजेची गाडी सार्वजनिक असू शकते हे महाराष्ट्राने करून दाखवले आहे. प्रश्न ती तुमसर-पवनीच्या आडवाटेवर केव्हा येणार एवढाच आहे. तेव्हा घराला दुसरी विजेची गाडी हवीच असेल तर ती चाळीसेक आसनांची मागावी. तिच्या चार्जिंगसाठी घरचे अर्थिंग तपासावे लागणार नाही आणि तिच्यामुळे आपले बिल वरच्या टप्प्यात जाणार नाही. ती वेळेवर येईल याची खात्री मी देत नाही. ती न आल्यास आपण थांब्यावर असू, एवढे मात्र आपल्या हातात आहे.