सर्व्हिसिंग झाले, इंजिन चालवून पाहिले का?

आमचा धंदा कापडाचा. इंजिनाबद्दल आम्ही बोलावे हे काहींना रुचणार नाही. पण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात एका नातेवाइकाच्या नौकेत आमचीही थोडी रक्कम गुंतलेली आहे, आणि गेल्या हंगामात ती नौका पहिल्याच फेरीत दुसऱ्या नौकेच्या दोराला बांधून परत आली. मिस्त्रीने तेलाचा नवा फिल्टर बसवला, पण जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. रिंगवर रिंग बसली. किनाऱ्यावर काही दिसले नाही. समुद्रात दाब चढला, रिंग सरकली, तेल तळात गेले. तांडेलाने काटा पाहून वेळीच इंजिन बंद केले म्हणून ते वाचले. बर्फ, डिझेल, खलाशांचा रोज मात्र पाण्यात.

दोष मिस्त्रीचा खराच, पण मालकाचाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. तरी सगळ्यांना इंजिनाची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे इंजिन वर ओढलेल्या नौकेत फार वेळ चालवता येत नाही. मिस्त्री घटकाभर आवाज ऐकवतो, पैसे घेतो, मालक खूश.

आमचे म्हणणे, मजुरीचा चौथा हिस्सा नौका पाण्यात उतरेपर्यंत राखावा आणि तसे आधीच सांगावे. इंजिन व खालचा तळ कोरडा पुसावा, नाहीतर जुने तेल कोणते नि नवे कोणते हे कळत नाही. (चिंध्या आमच्या दुकानातून फुकट न्याव्यात.) खाली स्वच्छ पुठ्ठा घालून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवावे, चांगले गरम होऊ द्यावे, वेगही द्यावा. मग फिल्टर, तेल काढण्याचा बोल्ट, डिझेल नळ्यांचे तांब्याचे वॉशर, पाण्याचा पंप पाहावा. डिझेलच्या दाबाच्या नळीवर बोट कधीही फिरवू नये. न दिसणारा फवारा कातडीत घुसतो आणि हात गमावण्याची पाळी येते. तेथे लांबून पुठ्ठा धरावा. इंजिन बंद केल्यावर थोडे थांबून तेलाची पट्टी काढावी. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजावे.

यात मिस्त्रीचा अपमान कसला? भिवंडीहून थान आले की आम्ही ते उलगडून उजेडात धरतो. मागवाला रागावत नाही, तोही शेजारी उभा राहून पाहतो.

यंदा नातेवाइकांनी चौथा हिस्सा राखला. मिस्त्री कुरकुरला, पण नौकेवर चढला. पंपाच्या पाइपाची क्लिप ठिबकत होती. त्याने स्वतःच आवळली, पैसे घेतले आणि पुढच्या नौकेवर गेला.