ॲव्हरेज किती देते?



नवी गाडी घेतली की हैदराबादेत तीन प्रश्न ठरलेले. ऑन रोड कितीला पडली? पेद्दम्मा गुडीत पूजा केली का? आणि ॲव्हरेज किती देते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी दसऱ्याच्या संध्याकाळीच देऊन मोकळा झालो. तिसऱ्याचं उत्तर नीट द्यायला मला अडीच महिने लागले, म्हणून यावेळचं सदर त्यावरच.

गाडी छोटी, चार मीटरच्या आतली, दीड लिटरचं डिझेल इंजिन. नाव सांगत नाही, हे सदर आहे, जाहिरात नाही. २२ सप्टेंबरला जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा सेसही गेला, आणि बरेच दिवस लांबणीवर टाकलेला विचार दहा दिवसांत पक्का झाला. ऑफिसात मात्र सगळे हसले. "आता डिझेल? २०२५ मध्ये?" त्यांचंही चुकत नव्हतं. छोट्या डिझेल गाड्यांची लाट येऊन गेलेली आहे. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांना आणि डिझेल ४१ च्या आत होतं, तेव्हा जो तो डिझेलच्या मागे होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरचं सरकारी नियंत्रण गेलं आणि दोन्ही भाव जवळ आले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, तेव्हा मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. २०२५ मध्ये आपल्याकडे पेट्रोल १०७ च्या पुढे आणि डिझेल ९५ च्या पुढे होतं. म्हणजे फरक जेमतेम बारा रुपयांचा.

मग मी का घेतली? एक्सेल शीट केली होती म्हणून. इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार. त्याच मॉडेलच्या पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल गाडी मला एक लाख तीस हजारांनी महाग पडत होती. हे पैसे किती वर्षांत वसूल होतील, एवढाच प्रश्न. मियापूर ते नानकरामगुडा जाऊन-येऊन तीस किलोमीटर, महिन्याला बावीस दिवस. शिवाय आई-अण्णांकडे उदगीरला, झहीराबाद-बिदरवरून, जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, महिन्यातून दोनदा. जाहिरातीतले आकडे टाकले, डिझेलला २३ आणि पेट्रोलला १८. उत्तर आलं ३.८ वर्षं. कर्ज पाच वर्षांचं. ठीक आहे, घेऊन टाकू.

हा जाहिरातीतला आकडा कुठून येतो ते पुण्याशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. कोथरूडच्या वर जी 'एआरएआय टेकडी' म्हणून लोक रोज सकाळी चढतात, तिथेच ती संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही, रोलरवर धावते. सुमारे वीस मिनिटं, साधारण साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास, जास्तीत जास्त ९०. एसी बंद. प्रत्येक गाडीला तीच परीक्षा, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. पण त्या रोलरवर हायटेक सिटीचा जंक्शन नाही, मध्येच आडवी येणारी ऑटो नाही आणि ऑक्टोबरचा पाऊसही नाही. माझी शहरातली पहिली टाकी १४.३ ला गेली. त्या रात्री शीट उघडायची हिंमत झाली नाही.

आता रनिंग-इनची गोष्ट. पुस्तकात लिहिलं होतं, पहिले हजार किलोमीटर जपून चालवा, इंजिन जास्त फिरवू नका, एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. मी त्यातला फक्त 'जपून' एवढाच शब्द वाचला. दिवाळीला उदगीरला निघालो तेव्हा मीटरवर ४२० किलोमीटर होते. संगारेड्डीच्या पुढे मोकळा हायवे, आणि मी पाचव्या गियरमध्ये साठवर, ट्रकच्या मागे मागे, अगदी वरातीसारखा. इंजिन कमी फिरतंय म्हणजे झीज कमी आणि ॲव्हरेज जास्त, असा माझा हिशोब. बायको बिदर येईपर्यंत दोनदा झोपून उठली.

पाडव्याला अण्णांना गाडीत बसवून देगलूर रोडला चक्कर मारली. अण्णा उदगीर आगारात मेकॅनिक होते, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण कान अजून नोकरीवर आहेत. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गियर टाकायची एवढी घाई कशाला? चढाला टॉपमध्ये ओढायलास. कण्हतंय ते, ऐक की जरा."

"अण्णा, तुम्हीच म्हणायचात ना, नवं इंजिन पळवू नका."

"पळवायचं नाही म्हटलं. रडवायचं बी नसतं. लोड घेऊ दे त्याला. रिंगा बसल्या नाहीत तर जन्मभर ऑईल खाईल."

रिंगा बसणं म्हणजे काय, हे मी चार वर्षं बीई करून परीक्षेपुरतं शिकलो होतो. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंग करून तिच्यावर मुद्दाम बारीक आडव्या-तिरक्या रेघा पाडलेल्या असतात, त्यांत ऑईल टिकतं. पिस्टनची रिंग या भिंतीवर घासून तिच्याशी जुळून बसते. पण रिंग भिंतीवर दाबली जाते ती नुसत्या स्वतःच्या स्प्रिंगने नव्हे. जळालेल्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. गाडीवर लोड नसेल तर हा दाब कमी, रिंग अर्धवट बसते, आणि रेघांवर ऑईलचा चकचकीत थर चढतो. उलट सुरुवातीलाच इंजिन लाल रेषेपर्यंत फिरवलं तर घासून जास्तीची उष्णता होते. म्हणून मधला रस्ता. इंजिन गरम होऊ द्यायचं, मग मध्यम फेऱ्यांत, पंधराशे ते अडीच हजार, लोड द्यायचा, सोडायचा, परत द्यायचा. वेग बदलत ठेवायचा. आजकालची इंजिनं कारखान्यातूनच बरीच तयार होऊन येतात, त्यामुळे जुन्या एसटीच्या इंजिनाइतका हा प्रकार नाजूक राहिलेला नाही. पण खालच्या फेऱ्यांवर वरच्या गियरमध्ये रेटणं कोणत्याच काळातल्या इंजिनाला मानवलेलं नाही. परतीच्या वाटेवर मी चढाला चौथा टाकला, कधी सत्तर, कधी नव्वद. गाडी एकदम हलकी वाटली.

ॲव्हरेज मोजायची रीतही अण्णांनीच सुधारली. डॅशबोर्डवरचा आकडा मी खरा धरत होतो, तो दाखवत होता २१.४. खरी रीत म्हणजे टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, रीडिंग लिहायचं, परत आल्यावर त्याच बंकावर तशीच फुल करायची आणि भागाकार करायचा. माझी अडचण अशी की कर्नाटकात डिझेल आपल्यापेक्षा काही रुपयांनी स्वस्त. बिदरला भरायचा मोह होतोच, आणि मग हिशोब बिघडेल म्हणून मी मन मारून पुढे जायचो. अण्णा म्हणाले, "मध्ये भरलेलं बी लिही अन् बेरीज कर की. सुरुवातीला फुल, शेवटी फुल, एवढंच लागतं." सॉफ्टवेअरमध्ये तेरा वर्षं झाली माझी. हे सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या फेरीचं उत्तर आलं ४५२ किलोमीटर, २२.६ लिटर, म्हणजे बरोबर २०. अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "दोनशे." एसटीत लिटरमागे किलोमीटर मोजत नाहीत, दहा लिटरमागे मोजतात. केपीटीएल म्हणतात त्याला. एका लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाणाऱ्या बसमध्ये दशांश चिन्हापेक्षा पंचेचाळीस-सत्तेचाळीस हा आकडा बोलायला सोपा, आणि दोन ड्रायव्हरांतला फरक लगेच दिसतो. माझ्या गाडीचा दोनशे ऐकून त्यांनी समोर आईला सांगितलेलं मला ऐकू आलं, "बस नाही गं, सायकल घेतलीय त्यानं."

नोव्हेंबरात मात्र एक झटका बसला. दिवाळीनंतर तीन आठवडे फक्त ऑफिस आणि घर. एका संध्याकाळी गचीबावलीच्या फ्लायओव्हरखाली डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. डीपीएफ. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर सोमवारी आणून लावा म्हणाले. घरी येऊन पुस्तक उघडलं, यावेळी सगळं वाचलं.

बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात एक फिल्टर असतो, तो काजळी अडवतो. साठलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्याला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेवर हे काम सहज पार पडतं. शहरात गाडी थोडं जास्तीचं डिझेल फवारून ती उष्णता तयार करते, पण काम पुरं व्हायच्या आत आपण ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडी बंद करतो. असं वारंवार झालं की काजळी साठत जाते, जळायचं राहिलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि ॲव्हरेज पडतं ते वेगळंच. गाडी दाखवायला आलेल्या सेल्समनने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा. डिझेल घ्यायच्या विचारात असाल तर ॲव्हरेजच्या आधी हे विचारा, आणि तुमचं रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटरचं असेल तर सरळ पेट्रोल घ्या.

उपाय साधा होता. रात्री साडेनऊला नानकरामगुड्याहून आऊटर रिंग रोडवर चढलो, चौथ्या गियरमध्ये ऐंशीवर, इंजिन दोन हजारांच्या वर ठेवून शमशाबादपर्यंत गेलो. बावीस मिनिटांनी दिवा विझला. टोल आणि डिझेल गेलं, सोमवारची सुट्टी वाचली. तेव्हापासून शहरात अडकून पडलो की आठवड्यातून एकदा मुलीला घेऊन रिंग रोडवर चक्कर असते. ती त्याला 'गाडीचा वॉक' म्हणते.

डिसेंबरच्या फेरीत उदगीरला जेवण झाल्यावर लॅपटॉप काढला आणि खरे आकडे शीटमध्ये टाकले. डिझेलला शहरात १४.३, हायवेला २०. पेट्रोलचे शेजारच्या ब्लॉकमधल्या मित्राच्या त्याच मॉडेलवरून घेतले, शहरात ११ आणि हायवेला १६. वाटलं होतं, वसुली आता सहा वर्षांवर जाणार. उत्तर आलं २.९. दोनदा तपासलं. बरोबर होतं. दोन्ही गाड्या जाहिरातीपेक्षा कमी चालतात, पण ॲव्हरेज जितकं कमी तितका किलोमीटरमागचा खर्च मोठा, आणि दोन खर्चांतला फरकही मोठा. जाहिरातीतल्या आकड्यांनी किलोमीटरमागे एक रुपया ऐंशी पैसे वाचत होते, शहरातल्या खऱ्या आकड्यांनी तीन रुपये वाचतात. यात डिझेलच्या महाग सर्व्हिसिंगचा खर्च धरलेला नाही, तो धरला की थोडं पुढे सरकेल.

अण्णा चष्मा लावून शेजारी बसले होते. त्यांना एक्सेल येत नाही, पण रकाने वाचता येतात. "हे काय, उदगीर फेऱ्या, महिन्याला दोन?"

"हो."

"तिथं शून्य टाक."

टाकलं. ५.३ वर्षं. कर्ज फिटलं तरी वसुली बाकी.

"आधी किती यायचास?"

"दोन महिन्यांतून एकदा," मी म्हणालो. खरं तर कधी कधी तीन.

"ते टाक."

४.४. अण्णा थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला. "मग दोनच राहू दे. गाडीला परवडतंय."

आई आतून म्हणाली, दोन कुठले, ऑक्टोबरपासून तीनच झाल्यात. तिनेही मोजल्या होत्या.

अण्णांनी आता एक जुनी डायरी या कामाला लावलीय. तारीख, रीडिंग, लिटर, केपीटीएल. दिवाळीचे २००, नोव्हेंबरअखेरचे २०९, डिसेंबरचे २१६. रिंगा बसल्याचा हा पुरावा, असं त्यांचं म्हणणं. थंडीमुळे एसी बंद होता आणि मी चालवायला शिकलो, तेही त्यात असणार, असं माझं. पुढच्या ओळीत त्यांनी येत्या शनिवारची तारीख आधीच लिहून ठेवली आहे. निघताना मियापूरला फुल करणार, बिदरला स्वस्त भरणार आणि बेरीज करणार.